जर्मनीत गाडी चालवताना: नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून श्टुटगार्टला आले तेव्हा माझ्याकडे अकरा वर्षांचं लायसन्स होतं. कर्वे रोडची संध्याकाळ, कात्रजचा घाट, पावसाळ्यातला खंडाळा हे सगळं मी चालवलेलं होतं. तरीही इथल्या पहिल्या परीक्षेत नापास झाले. त्यानंतरच्या वर्षांत चाकण-पिंपरीहून इथल्या गाड्यांच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या कितीतरी जणांनी तेच ते प्रश्न विचारले. त्यांना फोनवर दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कार्यालयाचे नियम बदलत असतात, त्यामुळे कागदपत्रांबाबत तुमच्या गावच्या लायसन्स कार्यालयाचा शब्द अखेरचा माना.

भारतीय लायसन्सवर किती दिवस गाडी चालवता येते?

सहा महिने. तुमचा कायमचा मुक्काम जर्मनीत सुरू झाला त्या दिवसापासून हे मोजायचे. पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेतलं त्या दिवसापासून नव्हे. इथली बहुतेक गडबड याच गैरसमजातून होते. माणूस नोव्हेंबरात येतो, हिवाळा ट्राममध्ये काढतो, एप्रिलमध्ये गाडी घेतो आणि 'आत्ताच तर सुरुवात केली' असं समजतो. तोपर्यंत पाच महिने गेलेले असतात.

आपलं लायसन्स इंग्रजीत असलं तरी त्याचं जर्मन भाषांतर सोबत हवं. अधिकृत भाषांतरकार किंवा आडाक हा मोटारचालकांचा क्लब ते करून देतो. मूळ कार्ड आणि भाषांतर दोन्ही गाडीत ठेवा. मुक्काम एकूण वर्षभराहून जास्त नाही हे दाखवता आलं, तर अर्ज करून मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते.

मुदत संपल्यावर चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि इथे तो दंड भरून विसरायचा प्रकार नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही तुमच्याकडून पैसे वसूल करू शकते. तारीख कॅलेंडरमध्ये आजच टाका.

मग जर्मन लायसन्स थेट बदलून मिळत नाही का? जपानी सहकाऱ्याला मिळालं.

मिळालं असेल. जर्मनीने काही देशांची यादी केली आहे, त्या देशांतल्या लोकांना परीक्षेशिवाय लायसन्स बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एवढीच की नव्याने शिकणाऱ्यांना सक्तीचे असलेले वर्ग आणि ऑटोबानवरचे (म्हणजे द्रुतगती महामार्गावरचे), रात्रीचे ठरावीक तास आपल्याला सक्तीचे नाहीत. पण परीक्षा फारशूलेच्या, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच द्यायची असते, त्यामुळे एखाद्या फारशूलेत नाव घालावंच लागतं.

अर्जासोबत डोळ्यांची तपासणी, फोटो, लायसन्सचं भाषांतर आणि प्रथमोपचाराच्या वर्गाचं प्रमाणपत्र लागतं. हा वर्ग ४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचा, साधारण एका शनिवारात आटोपणारा. तो मनापासून करा. जखमी माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे मी तिथे शिकले आणि ते आजही हातांना आठवतं.

कार्यालयातून मंजुरी यायला आठवडे लागतात. म्हणून घर मिळालं, पत्त्याची नोंदणी झाली की लगेच अर्ज करा.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते का? हिंदीत?

इंग्रजीत येते, हिंदीत किंवा मराठीत नाही. जर्मन धरून तेरा भाषा आहेत. ३० प्रश्न असतात, चुकीला प्रश्नाच्या वजनाप्रमाणे गुण चढतात आणि दहापेक्षा जास्त झाले की नापास. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तरीही नापास, मग बेरीज दहाच असली तरी चालत नाही. मूळ प्रश्नसंग्रहात हजाराहून अधिक प्रश्न आहेत. 'एवढं तर येतंच' म्हणून न वाचता बसणारे हुशार इंजिनिअर इथे आपटताना मी पाहिले आहेत.

प्रत्यक्ष परीक्षा मात्र जर्मनमध्येच. त्यासाठी फार भाषा लागत नाही: डावीकडे, उजवीकडे, सरळ, पुढच्या चौकात, सिग्नलनंतर, इथे गाडी लावा. हे वीस-पंचवीस शब्द पक्के करा. परीक्षक काय म्हणाला हे कळलं नाही तर विचारा. चुकीच्या दिशेला पण नियमाने वळलात तर त्यावरून कोणी नापास करत नाही.

मी पंधरा वर्षं चालवतोय. तास घ्यायची खरंच गरज आहे?

आहे. अनुभवी माणसाला जास्तच आहे, कारण त्याला नव्या गोष्टी शिकण्याआधी जुन्या विसरायच्या असतात.

माझी पहिली परीक्षा सांगते. ५५ मिनिटांची परीक्षा, मागच्या सीटवर परीक्षक, बाजूला शिक्षक, आणि शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक. पहिली पंचवीस मिनिटं छान गेली. मग आम्ही ताशी ३० च्या वस्तीत शिरलो. मी रुंद, सरळ रस्त्याने चालले होते. उजवीकडून एक अरुंद गल्ली येऊन मिळत होती आणि तिच्यातून एक छोटी निळी गाडी येत होती. माझ्या मनात एक क्षणही शंका आली नाही. मी मोठ्या रस्त्यावर, ती गल्लीत, म्हणजे ती थांबणार. शिक्षकाने ब्रेक दाबला. शिक्षकाला ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते. निळ्या गाडीतली बाई आपल्या हक्काने, माझ्याकडे न बघता, समोरून निघून गेली. परत यायला दोन आठवडे थांबावं लागलं.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हे मला कितीतरी दिवस खुपत होतं. हळूहळू लक्षात आलं की तिला बघायची गरजच नव्हती. पुण्यात आपण समोरच्याचा अंदाज घेऊन चालवतो: तो घुसेल का, रिक्षा वळेल का, काकू मध्येच थांबतील का. चौकात प्रत्येक गाडीशी नजरेने बोलणी होतात. इथे ती बोलणी पाटीने आधीच करून ठेवलेली असतात. समोरचा नियम पाळणारच हे धरून सगळे वेग ठेवतात. म्हणून इथे एकाने अंदाजाने चालवलं की त्याच्यासकट सगळे धोक्यात येतात. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय कधी होते?

लोकांना याची सर्वात जास्त भीती असते आणि हेच सर्वात लवकर जमतं. रहदारीत तर आपोआप जमतं, कारण पुढच्याच्या मागे जायचं असतं. दोन-तीन दिवस इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होईल, गिअरसाठी डावा हात दारावर आपटेल. एकच खूण लक्षात ठेवा: ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसतो. तुम्ही कडेच्या गवताजवळ बसला असाल तर चुकीच्या बाजूला आहात.

धोका रिकाम्या रस्त्यावर असतो. पहाटे पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, शेतातल्या एकेरी वाटेवरून मुख्य रस्त्यावर येताना, सुपरमार्केटच्या आवारातून वळताना, जिथे समोर दुसरी गाडी नाही तिथे शरीर जुन्या सवयीने डावीकडे जातं. डावं वळण घेताना मोठ्याने म्हणा, 'लांबचं वळण, उजवी बाजू.' मी वर्षभर म्हणायचे. पायी चालतानाही रस्ता ओलांडण्याआधी पहिल्यांदा डावीकडे बघायची सवय मुलांना लावा.

'रेख्ट्स फोर लिंक्स' म्हणजे नेमकं काय?

उजवा आधी, डावा नंतर. ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, पोलीस नाही, तिथे तुमच्या उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तो सायकलवर असला तरी. त्याचा रस्ता बोळाएवढा आणि तुमचा राजरस्ता असला तरी. रस्त्याच्या रुंदीचा या नियमाशी काही संबंध नाही.

आपल्याकडच्या १९८९ च्या वाहतूक नियमांतही मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असंच लिहिलेलं होतं. पण आपण ते वाचून नव्हे, बघून शिकलो, आणि बघितलं ते असं की जो मोठा, जो वेगात, जो आधी घुसला, त्याची वाट.

आता पाट्या. टोकावर उभा असलेला, पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन दिसला की तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात आणि तो हक्क पुढच्या चौकांतही चालू राहतो, जोवर तो काढून घेणारी पाटी येत नाही. लाल त्रिकोणात जाड उभा बाण असेल तर हक्क फक्त पुढच्या एका चौकापुरता. उलटा त्रिकोण म्हणजे वाट द्या. अष्टकोनी 'स्टॉप' म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा दिसत असला तरी. परीक्षेत चाकं किंचित फिरत राहिली म्हणून नापास झालेले मला माहीत आहेत.

अपवादही शिका. घराच्या फाटकातून, शेतवाटेवरून, उतरत्या फूटपाथवरून किंवा मुलं खेळताना दाखवणारी निळी पाटी असलेल्या गल्लीतून बाहेर येणारा उजवीकडून आला तरी त्याने थांबायचं असतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हक्क तुमचा असेल तेव्हा जा. आपण भले म्हणून चौकात उगाच थांबतो, समोरच्याला 'तुम्ही जा' असा हात करतो. त्याला कळत नाही, मागचा दचकतो, आणि तुमच्या भलेपणावर विसंबून निघालेल्याला तिसराच कोणी धडकू शकतो. हात करायचा एकच प्रसंग: चारही बाजूंनी गाड्या आल्या आणि प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहे. तिथे कायद्यानेच नजरेने ठरवायला सांगितलं आहे.

शिक्षक सारखं 'शुल्टरब्लिक' म्हणतात. आरसा पुरत नाही का?

नाही. शुल्टरब्लिक म्हणजे मान वळवून खांद्यावरून टाकलेली नजर. लेन बदलताना, वळताना, कडेची गाडी काढताना, दर वेळी. आरशात न दिसणाऱ्या जागेत इथे सायकल असते.

उजवीकडे वळताना तर विशेष. तुम्हाला हिरवा असतो त्याच वेळी तुमच्या उजवीकडून सरळ जाणाऱ्या सायकलला आणि तुम्ही वळणार त्या रस्त्यावरच्या पादचाऱ्यालाही हिरवा असतो. हक्क त्यांचा. 'मला हिरवा आहे' हे पुरेसं नाही. सायकलला ओव्हरटेक करताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, ही मापं २०२० पासून नियमात लिहिली आहेत. तेवढी जागा नसेल तर मागे थांबायचं, कितीही वेळ लागो. हॉर्न नाही.

कडेला गाडी लावल्यावर दार उजव्या हाताने उघडा. त्यामुळे आपोआप अंग वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

हॉर्न अजिबात वाजवायचा नाही?

धोका असेल तेव्हा वाजवायचा. गावाबाहेर ओव्हरटेक करताना इशारा म्हणूनही नियमात मुभा आहे. सिग्नल हिरवा झाला म्हणून, ओळखीचा दिसला म्हणून, आई लवकर खाली उतरावी म्हणून वाजवायचा नाही.

डिपरचा अर्थही बदलतो. आपल्याकडे समोरून लाइट मारणारा 'मी येतोय, बाजूला हो' म्हणतो. इथे बहुतेक वेळा तो 'तुम्ही निघा' म्हणत असतो. पण नियमाप्रमाणे लाइट मारणं म्हणजे धोक्याचा इशारा, त्यामुळे फक्त त्याच्या भरवशावर गाडी काढू नका.

ऑटोबानवर खरंच वेगाची मर्यादा नसते?

मोठ्या भागावर नसते. १९७८ पासून ताशी १३० ही शिफारस आहे, सक्ती नाही. पण त्याहून वेगात असताना अपघात झाला तर चूक तुमची नसली तरी भरपाईचा काही भाग तुमच्या अंगावर येऊ शकतो. शिवाय शहरांजवळ, बांधकामाजवळ, वळणांवर १२०, १००, ८०, ६० अशा पाट्या येतच राहतात. पांढऱ्या गोलात तिरप्या काळ्या रेषा दिसल्या की आधीची बंधनं संपली.

वेगापेक्षा लेन शिका. डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. झालं की परत उजवीकडे. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे आणि ही बंदी लोक मनापासून पाळतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आपण उजव्या लेनमध्ये रमतगमत जाणाऱ्या ट्रकला डावीकडून काढतो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. इथे डावीकडचा माणूस उजवीकडे परतताना तिथे कोणी येत नसणार हे धरून चालतो, आणि तुम्ही तिथे असाल तर दोघांचंही कठीण.

आरशाचं गणित एकदा करून बघा. तुम्ही १२० ने चालला आहात आणि मागून कोणी २०० ने येतो आहे. तुमच्यातलं अंतर दर सेकंदाला सुमारे २२ मीटरने कमी होतं. आरशात २०० मीटरवर दिसणारा ठिपका नऊ सेकंदांत तुमच्या पाठीशी असतो. ट्रकला पूर्ण ओलांडायला तेवढा वेळ सहज लागतो. म्हणून डावीकडे जाण्याआधी आरशात दोनदा बघा, मधल्या क्षणात तो ठिपका किती वाढला ते पाहा.

अंतर: वेगाच्या निम्मे मीटर. १०० ने जात असाल तर ५० मीटर. कडेचे पांढरे खांब ५० मीटरवर असतात, त्यांच्यावरून मोजता येतं. आपल्याकडे एवढी जागा सोडली तर तिघेजण मध्ये घुसतील. इथेही कधी एखादा घुसतो. तेव्हा पुन्हा अंतर वाढवा.

शिरताना वेग वाढवण्यासाठी वेगळी लेन असते, तिच्यावर खरोखर गाडी दामटा. ६० ने सरपटत जाऊन टोकाला थांबणं ही नवख्यांची सर्वात धोकादायक चूक. पहिल्यांदा जायचं असेल तर रविवारी सकाळी जा. रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, रस्ता मोकळा मिळतो. आणि इंधन बघून निघा, कारण विनाकारण ऑटोबानवर थांबायला मनाई आहे आणि पेट्रोल संपणं हे कारण धरत नाहीत.

रेटुंग्सगासे कधी करायची? अँब्युलन्स दिसल्यावर?

रेटुंग्सगासे म्हणजे गाड्यांनी अँब्युलन्ससाठी मोकळी ठेवायची वाट. ती त्याआधीच करायची. वाहतूक मंदावून चालण्याच्या वेगाला आली किंवा थांबली, की लगेच. सर्वात डाव्या लेनमधल्या गाड्यांनी डावीकडे सरायचं, उरलेल्या सगळ्या लेनमधल्यांनी उजवीकडे. मधे अँब्युलन्सला वाट तयार होते. उजवा हात पालथा धरून बघा: अंगठा म्हणजे डावी लेन, बाकीची चार बोटं एकीकडे.

न केल्यास किमान २०० युरो दंड, लायसन्सवर दोन दंडगुण आणि एक महिना गाडी चालवायला बंदी. पण मला दंडापेक्षा एक दुपार आठवते. उल्मच्या दिशेने आम्ही अडकलो होतो, पुढे काय झालंय काही दिसत नव्हतं, सायरनही नव्हता. आणि डोळ्यांदेखत तीन लेनमधल्या शेकडो गाड्या कोणी न सांगता दुभंगल्या. चार मिनिटांनी अँब्युलन्स त्या वाटेने एकदाही ब्रेक न दाबता गेली. विठ्ठलवाडीजवळ अडकलेल्या अँब्युलन्समध्ये माझी आजी होती, त्या संध्याकाळची मला आठवण झाली. मी गाडीत रडले.

वाट झाली की तिच्यातून अँब्युलन्सच्या मागोमाग पुढे जायचं नाही. हे सांगावं लागू नये, पण एकाने विचारलं होतं.

पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला थोडंसं घासलं. चिठ्ठी लावून आले. ठीक आहे ना?

नाही! हा प्रश्न वाचताना तुम्हीही असं केलं असेल तर आत्ता पोलिसांना ११० वर कळवा. वायपरखाली चिठ्ठी ठेवून निघून जाणं हे कायद्याच्या दृष्टीने अपघाताच्या जागेवरून पळून जाणं आहे, आणि तो फौजदारी गुन्हा आहे. आपल्या हिशोबाने चिठ्ठी लावणारा प्रामाणिक माणूस असतो. चिठ्ठी वाऱ्याने उडते, पावसात भिजते आणि मालकाने येऊन पाहिलं तर त्याला फक्त ओरखडा दिसतो.

काय करायचं: तिथेच थांबा. पुरेसा वेळ वाट बघा. मालक आला नाही तर पोलिसांना फोन करा आणि ते येईपर्यंत किंवा सांगतील तोवर थांबा. दोन्ही गाड्यांचे फोटो काढा. खर्च तुमच्या विम्यातून जातो, त्यासाठीच तो सक्तीचा आहे. पाच युरोच्या ओरखड्यासाठी कोण पोलीस बोलावतं असं वाटेल. इथे सगळे बोलावतात आणि पोलीसही शांतपणे येतात.

पार्किंगचाच आणखी एक भाग: निळी पुठ्ठ्याची चकती, पार्कशाइबे. जिथे तिची पाटी असेल तिथे पोचल्याची वेळ लावून ती काचेमागे ठेवायची. काटा पुढच्या अर्ध्या तासावर लावतात, म्हणजे १०:१० ला आलात तर १०:३०. चकती फुकट असते, ती न लावल्याचा दंड मात्र असतो.

कॅमेऱ्याने फोटो काढला. आता?

काही आठवड्यांत पत्र येईल. सोबत तुमच्या चेहऱ्याचा फोटोही असतो. गावाच्या हद्दीत मर्यादेपेक्षा २१ ते २५ ने जास्त असाल तर ११५ युरो आणि एक गुण. ३१ ते ४० ने जास्त असाल तर २६० युरो, दोन गुण आणि महिनाभर गाडी बंद. हातात मोबाइल धरला तर १०० युरो आणि एक गुण. सिग्नल लाल होऊन सेकंदाहून जास्त झाल्यावर गेलात तर २०० युरो, दोन गुण, एक महिना. हे दंडगुण फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहतूक कार्यालयात जमा होतात. आठ झाले की लायसन्स जातं.

नवख्यांना बहुतेक पत्रं एकाच कारणाने येतात: गावाच्या नावाची पिवळी पाटी. तिच्यावर आकडा नसतो, म्हणून ती आपल्याला नुसती 'अमुक गावात स्वागत' वाटते. ती पाटी म्हणजेच ५० ची मर्यादा. पाटीपाशी पोचेपर्यंत वेग उतरलेला हवा, पाटी ओलांडल्यावर नव्हे. तिच्यावर तिरपी लाल रेघ मारलेली दिसली की गाव संपलं आणि १०० ची मर्यादा सुरू.

एक बिअर घेऊन चालवता येतं का?

रक्तातल्या दारूची मर्यादा दर हजारी ०.५ आहे, नव्या चालकांना शून्य, आणि ०.३ पासूनच चूक झाली तर कारवाई होते. माझं उत्तर एकच: नाही.

हिवाळ्यात काय वेगळं?

जवळजवळ सगळंच. बर्फ, चिखलबर्फ किंवा गारठलेला रस्ता असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असेल तरच तो हिवाळी धरला जातो. लोक 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. जुनी गाडी घेताना हे टायर सोबत मिळताहेत का ते विचारा, नसतील तर तो खर्च किमतीत धरा.

सकाळी दहा मिनिटं लवकर निघा. सगळ्या काचा खरवडायच्या असतात, समोर हाताएवढं भोक पाडून निघालेल्याला दंड होतो. छतावरचा बर्फही झाडा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो घसरून तुमच्याच काचेवर येतो. काचेवरचा बर्फ लवकर वितळावा म्हणून इंजिन नुसतं चालू ठेवायलाही मनाई आहे.

दिसणाऱ्या बर्फापेक्षा न दिसणारा वाईट. रस्ता फक्त ओला दिसतो आणि वर काचेसारखा थर असतो, विशेषतः पुलांवर आणि झाडीतल्या सावलीत. पहिल्या पावसात कोकणात उतरताना घाटात तेलकट रस्त्यावर जशी गाडी हाकतो, ते आठवा: ब्रेक हळुवार, स्टिअरिंग हळुवार, गिअर आधीच कमी. ते शिक्षण इथे उपयोगी पडतं. मग वेग त्याच्याही निम्मा करा.

पंपावर पेट्रोल कोण भरतं?

तुम्हीच. भरून झालं की आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगायचा आणि पैसे द्यायचे. पहिल्या वेळी इंधनाच्या झाकणाआतली चिठ्ठी वाचा. भाड्याच्या गाडीत तर नक्की वाचा. चुकीचं इंधन गेलं तर इंजिन सुरू करू नका, तिथेच मदत बोलवा.

आई-बाबा तीन महिने येताहेत. बाबांना चालवता येईल का? नातवाला मांडीवर घेतलं तर?

पाहुणे म्हणून आलेल्यांना भारतीय लायसन्स आणि भाषांतरावर चालवता येतं. आधी विम्याचा कागद बघा, कोण चालवणार हे बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं असतं. बाहेरच्या माणसाची नोंद करून घ्यावी लागते. मी माझ्या बाबांना चालवू दिलं, पण पहिले चार दिवस मी चालवताना त्यांना शेजारी बसवून. 'आता आपला हक्क, आता त्याचा' असं दर चौकात बोलत गेले. पाचव्या दिवशी ते स्वतःच म्हणू लागले.

मांडीवर कधीही नाही. बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची, जे आधी होईल तोपर्यंत योग्य सीट लागते. विमानतळावर न्यायला जातानाही सीट बसवूनच जा. आजी म्हणेल, 'मी घट्ट धरते गं.' तिला प्रेमाने नाही म्हणा. ५० च्या वेगात धडक बसली तर कोणाचेही हात पुरे पडत नाहीत.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर?

आधी धोक्याचे चारही इंडिकेटर, मग चकाकती जाकीट अंगात, मग उतरायचं. ऑटोबानवर सगळ्यांनी लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. मग त्रिकोण मागे नेऊन ठेवायचा. जाकीट, त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीत असणं सक्तीचं आहे. जाकीट डिकीत सामानाखाली नको, हाताशी हवं. कोणी जखमी असेल तर ११२.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर मदत करणं ही इथे कायद्याने जबाबदारी आहे. तुमचा जीव धोक्यात न घालता जेवढी जमेल तेवढी. 'पोलिसांच्या भानगडीत नको' हा विचार इथे मनातून काढून टाका. मदत करणाऱ्याला कोणी छळत नाही.

जर्मन लायसन्स मिळाल्यावर भारतीय लायसन्स परत देतात का?

देत नाहीत, ते जमा करावं लागतं. पुण्यात सुट्टीला गेल्यावर कसं चालवायचं याचा विचार आधीच करा. 'हरवलं' असं खोटं सांगण्याचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. मी तिकडे गेले की रिक्षा आणि भाऊ यांच्यावर अवलंबून असते, आणि मागच्या सीटवरून पौड फाट्याचा चौक बघताना आता माझाच पाय नकळत ब्रेक शोधतो.

भारतातून परतल्यावर पुन्हा सवय करावी लागते का?

हो, थोडी. महिनाभर डाव्या बाजूची रहदारी बघितलेली असते, झोप अपुरी असते आणि विमान पहाटे उतरतं, म्हणजे रस्ते रिकामे. वर सांगितलेलं सगळं एकाच वेळी जमून येतं. विमानतळावर गाडी ठेवून जाऊ नका. मी फ्रँकफुर्टहून ट्रेनने घरी येते, झोप काढते आणि दुसऱ्या दिवशी आधी आमच्याच वस्तीत ३० च्या वेगाने एक फेरी मारते. जिथे ती निळी गाडी आली होती ती गल्ली माझ्या वाटेवरच आहे. तिथे मी दर वेळी वेग कमी करते आणि उजवीकडे बघते.